कमाई अनेक भाषांत, ठेव एका भाषेत

ज्ञानपीठ पुरस्काराचे नाव निघाले की मोठमोठे साहित्यिक आठवतात. तो पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या मुळाशी एक जैन उद्योजक दांपत्य आहे, याची आठवण मात्र फारशी कोणाला राहत नाही. साहू शांतिप्रसाद जैन आणि रमा जैन यांनी १९४४ मध्ये भारतीय ज्ञानपीठाची स्थापना केली. भांडारांत धूळ खात पडलेले प्राकृत, संस्कृत, अपभ्रंश, कन्नड, तमिळ ग्रंथ संपादित करून लोकांपुढे आणावेत, हा प्रारंभीचा हेतू होता. त्यातूनच शांतिप्रसादजींच्या मातोश्रींच्या नावाने मूर्तिदेवी ग्रंथमाला सुरू झाली. पुढे १९६५ पासून भारतीय भाषांतील लेखकांना ज्ञानपीठ पुरस्कार देण्यात येऊ लागला. व्यापारात मिळवलेले धन भाषेच्या संवर्धनासाठी खर्च करण्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

१९९८ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार कन्नड नाटककार गिरीश कार्नाड यांना मिळाला. तेव्हा महाराष्ट्रातील अनेक घरांत थोडे आश्चर्य व्यक्त झाले असेल. कारण या घरांना कार्नाड ओळखीचे होते ते चेहऱ्याने. ‘मालगुडी डेज’मधील स्वामीचे करारी वडील, ‘मंथन’मधील पशुवैद्य डॉ. राव, ‘उंबरठा’मधील वकील पती अशी त्यांची रूपे डोळ्यांपुढे होती. पुरस्कार मात्र नटाला नव्हे, लेखकाला मिळाला होता. कन्नड, हिंदी, मराठी, तेलुगू, तमिळ अशा अनेक भाषांच्या पडद्यावर वावरलेल्या या माणसाने आपले लेखन प्रामुख्याने एकाच भाषेसाठी राखून ठेवले. त्यांच्या आयुष्याचा हिशेब मांडताना ही बाब प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

कार्नाड यांचा जन्म १९ मे १९३८ रोजी माथेरान येथे झाला. वडील डॉ. रघुनाथ कार्नाड सरकारी वैद्यकीय सेवेत होते. आई कृष्णाबाई यांना तरुण वयात वैधव्य आले होते आणि पदरी एक मुलगा होता. परिचारिकेचे शिक्षण घेत असताना त्यांची डॉक्टरांशी ओळख झाली. विधवेच्या पुनर्विवाहाला त्या काळच्या समाजाची मान्यता नव्हती. दोघांना पाच वर्षे थांबावे लागले आणि अखेर आर्य समाजाच्या पद्धतीने त्यांचा विवाह झाला. समाज काय म्हणेल, या प्रश्नाची किंमत आईवडिलांनी कशी मोजली, हे या मुलाला घरातच कळले. पुढे त्यांच्या नाटकांतील स्त्रिया मान खाली घालून निमूट उभ्या राहत नाहीत, यामागे ही पार्श्वभूमी असावी.

घरात कोंकणी बोलली जाई. प्रारंभीचे शिक्षण मराठीतून झाले. वडिलांची बदली उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिरसीला झाल्यावर कन्नड कानावर पडू लागली. शिरसीला फिरत्या नाटक मंडळ्या येत आणि रात्रभर यक्षगानाचे खेळ रंगत. वयाच्या चौदाव्या वर्षी कुटुंब धारवाडला आले. तेथील कर्नाटक कॉलेजातून १९५८ मध्ये त्यांनी गणित आणि संख्याशास्त्र घेऊन पदवी मिळवली. त्यानंतर ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली आणि १९६० मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. तेथे तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे विषय त्यांनी अभ्यासले, तसेच ऑक्सफर्ड युनियन या प्रसिद्ध वादसभेचे अध्यक्षपदही भूषवले.

इंग्रजीत कविता लिहून नाव मिळवावे, ही त्या वयातील त्यांची महत्त्वाकांक्षा होती. विलायतेला निघण्याची तयारी चाललेली असताना महाभारतातील ययातीच्या कथेने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि नाटक लिहून झाले. ते इंग्रजीत उतरले नाही, कन्नडमध्ये उतरले. याचे नवल खुद्द लेखकालाच वाटले. धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने १९६१ मध्ये ‘ययाती’ प्रसिद्ध केले, तेव्हा लेखकाचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

मराठी वाचकांना ययाती परिचित आहे तो वि. स. खांडेकरांच्या १९५९ च्या कादंबरीमुळे. त्याच कादंबरीला पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. खांडेकरांनी भोगाच्या अतृप्तीवर भर दिला. कार्नाडांचे लक्ष पुत्राकडे, पुरूकडे वळले. पिता आपले वार्धक्य मुलाला देतो आणि मुलगा ते घेतो, याला परंपरा पितृभक्ती म्हणते. कार्नाडांनी त्या घरात पुरूची नवविवाहित पत्नी चित्रलेखा आणून उभी केली. पती एका रात्रीत म्हातारा झालेला पाहून तिने काय करावे, हा तिचा प्रश्न आहे आणि नाटकात कोणापाशीही त्याचे उत्तर नाही. मुलगा परदेशी चालला आहे, तो परत येईल ना, आपल्या मनाप्रमाणे संसार मांडेल ना, अशी काळजी त्या दिवसांत कार्नाडांच्या घरातही होती. आईवडिलांच्या अपेक्षांचे ते ओझेच नाटकात उतरले होते, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. पेढीवर मुलाने बसावे की त्याच्या मनाजोगती वाट त्याला धरू द्यावी, हा प्रश्न ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या चर्चिला जातो, त्या घरांनी हे नाटक अवश्य वाचावे.

‘ययाती’ने एक गोष्ट ठरवून टाकली. कन्नड ही कार्नाडांची घरची भाषा नव्हती. तरी त्यांच्या लेखनाची भाषा तीच झाली. कर्नाटकात हे नवीन नाही. धारवाडचे वरकवी द. रा. बेंद्रे मराठी बोलणाऱ्या घरातले होते, तर मास्ती वेंकटेश अय्यंगार यांची घरची भाषा तमिळ होती. दोघांनी कन्नडमध्ये लिहिले आणि दोघेही ज्ञानपीठाचे मानकरी ठरले. भाषा जन्माने मिळते, त्याचप्रमाणे निष्ठेनेही आपलीशी करता येते.

ऑक्सफर्डहून परतल्यावर १९६३ पासून सात वर्षे त्यांनी मद्रासमध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये नोकरी केली. संध्याकाळी मद्रास प्लेअर्स या हौशी नाट्यसंस्थेच्या नाटकांत भाग घ्यावा आणि उरलेल्या वेळात लिहावे, असा त्यांचा क्रम होता. त्याच काळात, १९६४ मध्ये, ‘तुघलक’ आले. दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवणारा आणि तांब्याच्या नाण्याला चांदीचे मोल ठरवणारा सुलतान त्याचा नायक आहे. चलन ही केवळ हुकमाने चालणारी वस्तू नव्हे, ते विश्वासावर चालते, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. नाटकात घरोघरी खोटी नाणी पाडली जातात. सुलतान ती बदलून द्यायला तयार होतो, आणि त्याच्या आवडत्या गुलाबबागेत खोट्या नाण्यांचे ढीग रचले जातात. कल्पना थोर असली, तरी लोकांचा भरवसा गमावला की तिचे असे ढीग होतात. हे दृश्य अर्थशास्त्राच्या एखाद्या धड्याहून अधिक काळ लक्षात राहते. विजय तेंडुलकरांनी या नाटकाचा मराठी अनुवाद केला. पुढे ‘हयवदन’ मराठीत आणले चिं. त्र्यं. खानोलकरांनी आणि विजया मेहता यांनी ते रंगमंचावर उभे केले. मराठी रंगभूमीने कार्नाडांना परके मानले नाही आणि तेही येथे कधी पाहुण्यासारखे वागले नाहीत.

१९७० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कादंबरीवरील ‘संस्कार’ हा कन्नड चित्रपट आला. त्याची पटकथा कार्नाडांची आणि प्राणेशाचार्यांची प्रमुख भूमिकाही त्यांचीच होती. सेन्सॉरने प्रथम अडवलेल्या या चित्रपटाला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शास्त्र जाणणारा पंडित कसोटीच्या क्षणी स्वतःच्याच मनापुढे हरतो, ही त्या भूमिकेची वेदना होती. आवाज न चढवता, चेहऱ्यावर फारसे काही न दाखवता ती व्यक्त करण्याची कार्नाडांची रीत पुढील सर्व भाषांतील भूमिकांतही दिसून येते.

१९७४ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालकपद त्यांच्याकडे आले. वय केवळ पस्तीस-छत्तीस. अभिनय विभागाच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला आणि त्या संपाच्या अग्रभागी नसीरुद्दीन शाह होते. संचालक आणि विद्यार्थी समोरासमोर उभे ठाकले. तथापि श्याम बेनेगल ‘निशांत’साठी एका तरुण नटाचा शोध घेत होते, तेव्हा कार्नाडांनी नाव सुचवले ते याच विद्यार्थ्याचे. शाह यांनी ही गोष्ट स्वतः सांगितली आहे. ज्याने आपल्याविरुद्ध झेंडा उभारला, त्याच्या गुणांची नोंद जमेच्या बाजूलाच करायची, यासाठी मनाचा मोठेपणा लागतो. क्षमेचा उच्चार वर्षातून एकदा करणे सोपे आहे. रोजच्या व्यवहारात ती अशी आचरणे कठीण असते.

१९७६ चा ‘मंथन’ व्यापारी वर्गाने विशेष पाहण्यासारखा आहे. गुजरातमधील पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन दहा लाखांचे भांडवल उभे केले आणि त्यातून हा चित्रपट तयार झाला. त्यात अमरीश पुरी यांनी साकारलेला मिश्रा हा खाजगी डेअरीचा मालक गावकऱ्यांचे दूध पडत्या भावात घेतो. त्याची भाषा गोड आहे, अडीअडचणीला तो उचलही देतो. परंतु वजनमाप आणि भाव दोन्ही त्याच्याच हातात आहेत. कार्नाडांचे डॉ. राव तेथे सहकारी संस्था उभारायला येतात. त्यांचा हेतू शुद्ध आहे. मात्र गावातील जातीपातींची गुंतागुंत त्यांना उमगत नाही आणि शेवटी त्यांना गाव सोडावे लागते. पडद्यावरील मिश्रा पाहताना व्यापारी प्रेक्षकाला थोडे अवघडल्यासारखे वाटले, तर ते बरेच आहे. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रतात खोटे वजनमाप हा अतिचार म्हणून सांगितलेलाच आहे. दुसऱ्याच्या गरजेवर नफा किती घ्यावा, याचा विचार त्याच्या पुढचे पाऊल होय.

१९८२ मध्ये जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’मध्ये कार्नाड मराठी पडद्यावर आले. स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रमाच्या कामासाठी घराबाहेर पडते आणि परत येते, तेव्हा घरातील तिची जागा उरलेली नसते. पती सुभाष महाजन हा दुष्ट माणूस नाही. तो सुशिक्षित आणि सभ्य आहे, पत्नीला घराबाहेर जाण्याची मोकळीकही देतो. फक्त त्या मोकळिकीची मर्यादा आपण ठरवू, असे त्याने गृहीत धरले आहे. खलनायक रंगवणे तुलनेने सोपे असते. आपल्याच घरातील एखाद्या सज्जन पुरुषाची आठवण व्हावी, असा पती उभा करणे अवघड. कार्नाडांनी तो उभा केला.

त्याच दशकात तेलुगूतील ‘आनंदभैरवी’मध्ये ते कुचिपुडी नृत्याचे गुरू झाले. शंकर नाग यांच्या ‘मालगुडी डेज’ने त्यांना घराघरांत पोहोचवले. पुढे तमिळ ‘कादलन’मध्ये खलनायक राज्यपाल, हिंदीत ‘इक्बाल’मधील क्रिकेटचे गुरुजी आणि अखेरीस सलमान खानच्या ‘टायगर’ चित्रपटांतील गुप्तहेर खात्याचे प्रमुख अशा भूमिका त्यांनी केल्या. या यादीतील सर्वच भूमिका सारख्या तोलाच्या नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होते. चित्रपटांनी आपल्याला उपजीविका दिली, हे ते मोकळेपणाने सांगत. नाटकाच्या लेखनावर संसार चालत नाही. म्हणून जेथे पैसा मिळतो तेथे प्रामाणिकपणे काम करावे, आणि जे मनाच्या गाभ्यातील आहे त्याला बाजाराची सक्ती लागू देऊ नये, असा त्यांचा व्यवहार होता. मिळकतीचे खाते आणि ठेवीचे खाते त्यांनी एकमेकांत मिसळू दिले नाही.

या ठेवीच्या खात्यातील एक नाटक जैन वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. १९८० मधील ‘हिट्टिन हुंजा’, म्हणजे पिठाचा कोंबडा. त्याचा आधार आहे जन्न या जैन महाकवीचे १२०९ मधील ‘यशोधर चरिते’ हे कन्नड काव्य. यशोधराची कथा जन्नाच्याही आधीपासून जैन साहित्यात नांदत होती. सोमदेवसूरींनी ती संस्कृतात ‘यशस्तिलकचंपू’त सांगितली, तर पुष्पदंताने अपभ्रंशात ‘जसहरचरिउ’ रचले. आचार्यांनी आणि कवींनी कथा तीच ठेवली. भाषा मात्र ऐकणाऱ्यांची घेतली. पुढे तीच कथा कोंकणी घरातल्या, मराठी शाळेत अक्षरे गिरवलेल्या एका नटाने कन्नड रंगभूमीवर आणली.

कथा अशी आहे. उज्जयिनीचा राजा यशोधर. राणी अमृतमतीला रात्री एका कुरूप माहुताचे गाणे ऐकू येते आणि ती त्याच्याकडे ओढली जाते. राजा हे पाहतो, शस्त्राला हात घालतो आणि स्वतःला आवरतो. आईला खरे सांगवत नाही, म्हणून वाईट स्वप्न पडल्याचे सांगतो. आई देवीला बळी देण्याचा आग्रह धरते. राजा जीवहत्येला नकार देतो. अखेर तडजोड निघते : पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी द्यावा. वार होतो आणि पिठाचा कोंबडा आरवतो! नंतर राणीने घातलेल्या विषाने राजा आणि त्याची आई मरतात, आणि मोर, कुत्रा यांपासून कोंबड्यापर्यंत तिर्यंच गतीत जन्मामागून जन्म भोगतात. एकही जीव मारलेला नसताना हे फळ का मिळावे? कारण हात पिठावर चालला होता, परंतु मनाने कोंबडाच मारला होता. द्रव्यहिंसा घडली नाही. भावहिंसा मात्र पूर्ण घडली. उद्योगात आणि घरसंसारात श्रावकाला काही हिंसा टाळता येत नाही, पण संकल्पी हिंसा त्याने सोडलीच पाहिजे. हा भेद एवढ्या सोप्या गोष्टीतून लहान मुलालाही समजतो.

कार्नाडांनी या कथेत एक महत्त्वाचा बदल केला. त्यांच्या नाटकात जैन संस्कारांत वाढलेली राणी आहे, सासू जुन्या बळिप्रथेची, आणि राजा या दोघींच्या मध्ये सापडला आहे. जुन्या काव्यात राणी केवळ दोषी होती. येथे तिला स्वतःचा आवाज मिळाला. खोट्या कोंबड्यावर खरी सुरी चालवणे हीही हिंसाच, हे ती ठामपणे सांगते. आपल्या मनाला जे घडले त्याचे प्रायश्चित्त कोणाच्या बळीने होणार, हा तिचा प्रश्न आहे. परंपरा मानणाऱ्या काही वाचकांना राणीविषयीची ही सहानुभूती पटणार नाही. मूळ कथेत शीलाला जे महत्त्व आहे ते येथे कमी झाले, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु अहिंसेचे तत्त्व कार्नाडांनी सौम्य केले नाही, उलट त्याला अधिक धार आणली. बाहेरचे आचरण निर्दोष ठेवून आत राग, सूड आणि संशय बाळगणाऱ्या सर्वांना ते लागू पडते.

हेच नाटक ‘बली’ या नावाने कार्नाडांनी इंग्रजीत पुन्हा लिहिले आणि २००२ मध्ये ते इंग्लंडमधील लेस्टरच्या हेमार्केट थिएटरमध्ये सादर झाले. नसीरुद्दीन शाह त्यात होते. ज्या शहरात आफ्रिकेतून आणि गुजरातमधून गेलेल्या जैन कुटुंबांनी १९८८ मध्ये मंदिर उभारले, त्याच शहरात यशोधराची कथा इंग्रजी वेशात अवतरली. कन्नड नाटके स्वतः इंग्रजीत आणण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले. तरी मूळ गुंतवणूक बहुतेक कन्नडमध्येच राहिली.

व्यापारी कुटुंबांना अनेक भाषांचे अप्रूप नाही. घरात गुजराती, मारवाडी किंवा कन्नड, दुकानात मराठी, पत्रव्यवहार हिंदी-इंग्रजीत, स्तवने आणि सूत्रे प्राकृत-संस्कृतात, हे कित्येक पिढ्यांचे जगणे आहे. आता मात्र नातवंडांच्या पिढीत एक वेगळी स्थिती दिसते. इंग्रजी उत्तम आहे, हिंदी कामापुरती आहे. पण आजीशी दोन वाक्ये मन मोकळे करून बोलता येतील, अशी भाषा उरलेली नाही. प्रतिक्रमणातील शब्द पाठ आहेत, अर्थ ठाऊक नाही. कार्नाडांचे उदाहरण इंग्रजीच्या विरोधात वापरता येणार नाही. त्यांचे इंग्रजीवर पूर्ण प्रभुत्व होते. ते एवढेच दाखवून देते, की दहा भाषांत व्यवहार करणाऱ्या माणसालाही एक भाषा अशी लागते, जिच्यात तो स्वतःशी खोटे बोलू शकत नाही. ती गुजराती असो, मराठी असो वा कन्नड. कोणती, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु एकही नसणे हा तोटा आहे आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

शेवटची काही वर्षे कार्नाड फुफ्फुसांच्या विकाराने आजारी होते. नाकाला श्वासाची नळी लावलेल्या अवस्थेत त्यांनी ‘टायगर जिंदा है’मध्ये काम केले. सार्वजनिक प्रश्नांवर ते उघडपणे बोलत आणि त्यांची मते सर्वांना पटत असत असे नाही. तरी मतापायी त्यांनी सोय पाहिली नाही. १० जून २०१९ रोजी बेंगळुरू येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार कोणतेही विधी झाले नाहीत आणि शासकीय इतमामही कुटुंबाने नाकारला.

त्यांच्या आत्मचरित्राचा उमा कुलकर्णी यांनी केलेला मराठी अनुवाद ‘खेळता खेळता आयुष्य’ या नावाने उपलब्ध आहे. येत्या चातुर्मासात ज्या घरांत मुलांना रात्री गोष्ट सांगण्याची प्रथा अजून टिकून आहे, तेथे यशोधराच्या पिठाच्या कोंबड्याची गोष्ट अवश्य सांगावी. आणि ती घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीने आपल्या भाषेत सांगावी. मुलांना एखादा शब्द अडला, तर त्यांना तो विचारू द्यावा.